ब्लॅक माउंटन: हाकललेल्यांचं कॉलेज

चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग आणि साय ट्वॉम्ब्ली, शिल्पकार रूथ असावा, सिनेदिग्दर्शक आर्थर पेन ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकले. चित्रकार जोसेफ आणि विणकर अ‍ॅनी आल्बर्स, संगीतकार जॉन केज, नर्तक मर्स कनिंगहॅम, रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी इथे शिकवलं. विसाव्या शतकातल्या अमेरिकी कलेचा कुठलाही इतिहास उघडा, यातली निम्मी नावं तरी सापडतीलच. आणि कॉलेज केवढं? अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या डोंगरात, एका वेळी फार तर शंभरेक विद्यार्थी, अधिकृत मान्यता कधीच नाही, आणि आयुष्य अवघं २४ वर्षांचं. यादी बघून चालकांच्या दूरदृष्टीला दाद द्यावीशी वाटते. मला ती अर्धीच द्यावीशी वाटते. बाकीचं श्रेय इतरांनी बंद केलेल्या दारांचं.

सुरुवातच हकालपट्टीतून झाली. जॉन अँड्र्यू राइस हे फ्लोरिडातल्या रॉलिन्स कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकवत. बुद्धी तल्लख, तोंड फटकळ. १९३३ मध्ये अध्यक्ष हॅमिल्टन होल्ट यांनी त्यांना काढलं. प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं चौकशी करून होल्ट यांनाच दोष दिला, पण नोकरी गेली ती गेलीच. बाजू घेणारे काही सहकारी आणि विद्यार्थी बरोबर घेऊन राइस यांनी त्याच वर्षी, ऐन मंदीत, ब्लॅक माउंटन गावाजवळ वायएमसीएच्या इमारती भाड्यानं घेतल्या आणि कॉलेज उघडलं. वरून हुकूम सोडणारं विश्वस्त मंडळ ठेवलंच नाही. कारभार शिक्षकांच्या हाती, आणि बैठकीत विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी. सक्तीचे विषय नव्हते. शेतावर, स्वयंपाकघरात सगळ्यांनी राबायचं. यात तत्त्व होतं, तशी काटकसरही होती.

चित्रकला, संगीत, नाटक अभ्यासाच्या मधोमध ठेवायचं राइस यांनी ठरवलं होतं. कलावंत घडवणं हा हेतू नव्हता. पुस्तकी हुशारीनं माणसाला निर्णय घेता येत नाहीत, हातानं काही करताना ते घ्यावेच लागतात, असं त्यांचं म्हणणं. पण शिकवणार कोण? त्याच वर्षी नाझींच्या दडपणाखाली बर्लिनमधली बाउहाउस ही कलाशाळा बंद पडली होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या फिलिप जॉन्सन यांनी तिथल्या जोसेफ आल्बर्स यांचं नाव सुचवलं. पत्नी अ‍ॅनी ज्यू घराण्यातल्या, त्यामुळे जर्मनी सोडणं भागच होतं. जोसेफना इंग्रजी येत नव्हतं. काय शिकवणार, असं विचारल्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर आलं: डोळे उघडायला. ते पुढची सोळा वर्षं हेच करत राहिले. कागद दुमडा, तार वाकवा, एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांचा कसा भासतो ते बघा. स्वतःच्या भावना व्यक्त करण्याचं कौतुक त्यांच्या वर्गात फारसं नसे. अ‍ॅनी यांनी हातमाग लावला.

त्यांच्यामागून निर्वासितांची रांग लागली. त्यात माझं लक्ष नेहमी मॅक्स डेन यांच्याकडे जातं, कारण कलावंतांच्या यादीत ते हमखास गळतात. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध प्रश्नांपैकी तिसरा सोडवणारा हा गणिती सायबेरिया, जपान असा वळसा घालून अमेरिकेत पोचला. मोठ्या विद्यापीठांत त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली नाही. १९४५ पासून ते इथले एकमेव गणिती होते. चित्रकार पोरांना भूमिती शिकवायची, त्यांच्याबरोबर डोंगर तुडवायचे, हा त्यांचा क्रम. १९५२ मध्ये ते गेले. त्यांना कॉलेजच्याच रानात पुरलं.

विद्यार्थ्यांचंही तसंच. १९४४ च्या उन्हाळी संगीत सत्रात आल्मा स्टोन विल्यम्स ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली. शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला तो त्यानंतर दहा वर्षांनी, आणि हे कॉलेज होतं दक्षिणेत. तिला घेण्यावरून शिक्षकांत बरीच भांडणं झाली होती, हेही सांगायला हवं. रूथ असावा जपानी वंशाची, म्हणून युद्धात कुटुंबासह छावणीत डांबलेली. पुढे शिक्षिका व्हायला निघाली तर सरावासाठी शाळा मिळेना. १९४६ मध्ये ती इथे आली. मेक्सिकोत टोपल्या विणणाऱ्यांकडून शिकलेला तारेचा टाका तिनं आयुष्यभर चालवला.

ज्या दिवसांमुळे कॉलेज गाजलं ते बरेचसे उन्हाळी सत्रांतले. एप्रिल १९४८ मध्ये केज आले, तारांत स्क्रू नि रबर अडकवलेल्या पियानोवर आपली नवी रचना वाजवायला. तिच्यामागे आपला भारतीय रसविचार होता. अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून त्यांनी भारतीय संगीत समजून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात ते, कनिंगहॅम, चित्रकार विलेम डी कूनिंग, फुलर सगळे एकत्र होते. फुलर यांनी खिडक्यांच्या व्हेनिशियन पडद्यांच्या पट्ट्यांचा घुमट उभारायला घेतला, तो उठलाच नाही. पुढच्या वर्षीच्या घुमटाला मात्र माणसं लोंबकळली. केनेथ स्नेल्सन या विद्यार्थ्यानं ताणावर तोललेलं शिल्प केलं आणि त्याच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत पुढे कायमची अढी बसली. १९५२ मध्ये केज यांनी जेवणघरात एकाच वेळी काव्य, नाच, संगीत आणि राउशनबर्गची कोरी पांढरी चित्रं असा प्रयोग केला. हजर असलेल्या प्रत्येकाची हकिकत वेगळी.

आल्बर्स १९४९ मध्ये भांडणांना कंटाळून कॉलेज सोडून गेले होते. नंतरचा काळ कवी चार्ल्स ओल्सन आणि इतर कवींचा. त्यांच्यापैकी रॉबर्ट क्रीली यांच्या संपादनाखाली कॉलेजचं नियतकालिक निघालं. त्याला नाव मिळालं, पण विद्यार्थी मोजकेच उरले आणि पगाराचे वांधे झाले. जमीन तुकड्यातुकड्यानं विकत १९५७ मध्ये कॉलेजचा कारभार आटोपला. तळ्याकाठी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतः बांधलेल्या लांबट इमारतीच्या आवारात मग मुलांची उन्हाळी शिबिरं भरू लागली.