माका नव्हे, एकदांडी

खालच्या मजल्यावरच्या काकू रविवारी हातात एक जुडी घेऊन वर आल्या. केसांसाठी तेल उकळायचंय, हा माकाच आहे ना तेवढं बघ जरा, म्हणाल्या. नवी मुंबईतल्या ऐरोली स्टेशनकडून येताना रस्त्याकडेच्या भिंतीलगत भरपूर दिसला म्हणून उपटून आणला होता.

माका नव्हता तो, एकदांडी होती. हिलाच कुठे दगडीपाला म्हणतात, कुठे कंबरमोडी, आणि शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर पसरणारी, आणि ते खरंच आहे, खोड मातीवर लोळत जातं, पेरं जमिनीला टेकलं की तिथेच मुळं धरतं. पण फुलाचा दांडा मात्र सरळ उभा, चांगला वीतभर, मध्ये एकही पान नाही आणि टोकाला एकच फूल, त्यामुळे एकदांडी हे नाव एकदम चपखल आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे कारण दोन्ही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली, दोघांची पानं समोरासमोर येतात, दोघांच्या अंगावर खरखरीत लव असते. पण जरा थांबून बघितलं की फरक कळतो. माक्याचं फूल पानाच्या बगलेतून आखूड देठावर येतं, कडेला अगदी दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या पाकळ्या, आणि पान अरुंद, भाल्यासारखं. एकदांडीचं पान रुंद, कडेला मोठे मोठे दाते, आणि फुलाच्या मध्ये पिवळी गादी, भोवती बहुतेक वेळा पाचच फिक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाचा पडून तीन दाते झालेले. शेवटची खूण काकूंनाच करून बघायला सांगितली, खोड चुरडा म्हटलं. माका चुरडला की रस थोड्या वेळात काळपट होतो, म्हणून तर तो केसांच्या तेलात घालतात. इथे बोटं हिरवीच राहिली.

त्याहून सोपी खूण म्हणजे झाड उभं कुठे होतं ते. माक्याला ओल लागते, भाताचा बांध, नाल्याचा काठ, तळ्याकडचा चिखल. एकदांडीला कोरडं आणि कडक ऊन आवडतं. फुटपाथची फट, रुळांमधली खडी, रिकाम्या प्लॉटवरचा भराव, घणसोलीपासून बेलापूरपर्यंत कुठेही बघा. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेलं तर गेटजवळ गाड्या लावतात तिथे आणि रस्त्याच्या कडेने भरपूर दिसते, पण पायवाटेने आत दाट झाडीत शिरलं की दिसेनाशी होते, कारण सावलीत तिचं काही चालत नाही आणि तिला लागते तशी उकरलेली माती तिथे नसते. मला वाटतं झाड ओळखताना आपण फोटोत फक्त फूल टिपतो आणि आजूबाजूची जमीन सोडून देतो, ही मोठी चूक आहे, निम्मं उत्तर त्या जमिनीत असतं.

आणि मुळात ही इथली नाहीच. आजीच्या बटव्यातली म्हणून आपल्याला ती घरची वाटते, पण तिचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात, मेक्सिकोपासून खाली दक्षिणेकडे. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला नाव दिलं तेव्हा ठिकाण लिहिलं ते मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. त्याच खंडातल्या अमेरिका देशाच्या (यूएसए) केंद्र सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय.

इतकी पसरली कशी, ते फूल उलगडून बघितलं की समजतं. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पाकळी हे एक स्त्रीफूल, आणि मधल्या पिवळ्या गादीतली प्रत्येक बारीक नळी हे वेगळं पूर्ण फूल, टाचणीने सुटी करून मोजा, डझनावारी निघतात. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं एक बी होऊ शकतं आणि प्रत्येक बीला पिसासारख्या केसांचा झुबका असतो. वारा आला की उडाली. लोकल धडधडत गेली की रुळांकडच्या गवतात जो झोत येतो तेवढा तिला पुरतो.

फुलपाखरांना मात्र ही फार प्रिय. घोडबंदर रोडला ओवळ्याच्या फुलपाखरांच्या बागेत जाणं जमलं नाही तरी सोसायटीच्या कंपाउंडजवळ सकाळी दहाच्या उन्हात दहा मिनिटं उभं राहा, छोटी निळी फुलपाखरं एकदांडीवर बसलेली दिसतील. म्हणून माळीकाकांना मी दरवेळी सांगते की भिंतीकडची राहू द्या.

लहानपणी खरचटलं की हिचा पाला चोळून लावायचे, बऱ्याच जणांनी लावलाही असेल. जखम भरण्यावर प्रयोगशाळेत उंदरांवर अभ्यास झालेत, काहींचे निकाल चांगलेही आहेत, पण शहरातल्या रस्त्याकडेच्या पाल्यावर धूळ, गाड्यांचा धूर, कुत्र्यांची घाण सगळं असतं, तो उघड्या जखमेवर लावू नका. साबणाने धुवा आणि गरज असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

काकूंचं माहेर शहापूरकडचं, घरची भातशेती. पावसाळ्यात गेल्या की बांधावरचा माका घेऊन येणार आहेत, तोवर तेलाचं पातेलं परत कपाटात गेलंय.