अवजड ट्रकचा गिअरबॉक्स : हाती आणि स्वयंचलित (बेळगाव सीमाभाग)

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना वेग आणि ओढ यांचा मेळ घालणाऱ्या पेटीला गिअरबॉक्स म्हणतात. पाठ्यपुस्तकात ‘दंतचक्र पेटी’ असा शब्द सापडतो. निपाणी ते बेळगाव रस्त्यावरच्या एकाही गॅरेजात तो ऐकू येणार नाही. मिस्त्री मराठीत बोलो, कन्नडमध्ये बोलो की हिंदीत, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि सिंक्रो रिंग (गिअर बसण्याआधी चाकांचा वेग जुळवणारी कडी) ही नावे तिन्ही भाषांत तीच राहतात.

डिझेल इंजिनाचा खरा जोर फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच मिळतो. गाडी उभी असो, घाट चढत असो वा सपाटीवर धावत असो, इंजिनाला त्या पट्ट्यात ठेवायचे म्हणून अवजड ट्रकला कारपेक्षा जास्त गिअर लागतात. भारतीय ट्रकांत सहा आणि नऊ गिअरच्या हाती पेट्या सर्रास दिसतात. नऊ गिअरची पेटी म्हणजे चार गिअर ‘लो’ (संथ) टप्प्यात, तेच चार ‘हाय’ (वेगवान) टप्प्यात आणि अगदी संथ चालीसाठी एक क्रॉलर.

‘ऑटोमॅटिक ट्रक’ या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रे येतात आणि चर्चेचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या प्रकारात क्लचच्या जागी तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. गिअर बदलताना ओढ तुटत नाही आणि निघतानाचा जोर वाढतो. उलट तेल घसरण्यात ताकद वाया जाते. ती वाचावी म्हणून वेग आल्यावर लॉक होणारा क्लच देतात. खाणीतले मोठे डंपर आणि अग्निशमन गाड्या यांना हा प्रकार मानवतो. महामार्गावरचा ‘ऑटो’ ट्रक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असतो. व्होल्व्होची २००१ साली आलेली आय-शिफ्ट याच जातीची. आत हाती पेटीसारखीच दातेरी चाके आणि कोरडा क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम हवेचा दाब आणि संगणक करतात. तीन मूळ गिअर, त्यांचे स्प्लिटरने (प्रत्येक गिअरचे दोन भाग करणाऱ्या जोडचाकांनी) दुप्पट आणि हाय-लोने पुन्हा दुप्पट, असे बारा गिअर होतात. मुख्य गिअरांना सिंक्रो रिंगही नसते. इंजिनाच्या फेऱ्या नेमक्या जुळवून संगणक गिअर बसवतो. सिंक्रो नसलेल्या जुन्या गाड्यांवर ड्रायव्हर डबल क्लच मारून (एका गिअर बदलात क्लच दोनदा दाबून), कानाने अंदाज घेत हेच करत. म्हणजे एएमटीत नवे काही असेल तर ते लोखंडात नाही, हातात आहे.

बेळगाव जिल्ह्यात या फरकाची परीक्षा रस्ताच घेतो. मुंबई-चेन्नई मार्गावरचा राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा ४) कागलनंतर कोगनोळीला कर्नाटकात शिरतो. निपाणीपुढे तवंदी घाट, संकेश्वर ओलांडल्यावर वंटमुरी घाट, मग बेळगाव. गोव्याकडे उतरायला जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला आणि खानापूर-लोंढ्यावरून अनमोड.

४९ टनांचा ट्रेलर वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने न्यायचा, तर नुसत्या चढासाठी सुमारे १८० अश्वशक्ती लागते. टायरांचे घर्षण वेगळे. गिअर चुकला, फेऱ्या पडल्या की गाडी ‘दम टाकते’. भरल्या गाडीचा गिअर चढात निघाला आणि दुसरा पडला नाही, तर क्लीनरला चाकाला लावायला दगड घेऊन उडी मारावी लागते. मुरलेला ड्रायव्हर वळणापलीकडचा चढ ओळखून आधीच गिअर उतरवतो. साधी एएमटी वेग पडू लागल्यावर जागी होते. महागड्या गाड्यांत नकाशावरून पुढचा चढ ओळखण्याची सोय आली आहे, आणि बहुतेक एएमटींत दांडी हाती मोडवर घेता येतेच. घाटात ती घ्यावी.

उतारावर प्रश्न उलटतो. वर लागलेली तेवढीच ताकद आता कुठेतरी जिरवावी लागते. ती नुसत्या ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून ब्रेक धरेनासे होतात. ज्या गिअरने चढलो त्याच्या आसपासच्या गिअरने उतरायचे, हा जुना नियम यासाठीच. डिझेल वाचवायला न्यूट्रल काढण्याची खोड अजून गेलेली नाही, आणि तिचा हिशेबही चुकीचा आहे : आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. इथे एएमटी उजवी ठरते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) ओढला की ती स्वतःच खालचा गिअर घेऊन फेऱ्या वाढवते.

उसाच्या फडात पारडे फिरते. गळीत हंगामाच्या सुरुवातीला परतीचा पाऊस झाला की काळ्या रानात चाक फिरते, गाडी मागेपुढे झुलवून बाहेर काढावी लागते. क्लच किती सोडायचा हे तिथे पायाला कळते. एएमटीला तो अंदाज कमी. रांगत चालवत राहिले तर क्लच तापून पडद्यावर इशारा येतो. कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रांग दोन्हींची क्लच प्लेट खाते, हाती गाडीत वर ड्रायव्हरचा डावा गुडघाही.

मायलेजच्या दाव्यांत अतिशयोक्ती फार. हात बसलेला ड्रायव्हर हाती गिअरवर एएमटीइतकेच मायलेज काढू शकतो. मालकाला फायदा होतो तो नवशिक्या ड्रायव्हरच्या हाती गाडी दिल्यावर.

दुरुस्तीत हाती पेटी अजून पुढे आहे. क्लच गेला तरी गाडी गिअरमध्ये ठेवून सेल्फ मारायचा आणि फेऱ्या जुळवत हळूहळू गॅरेज गाठायचे, हा जुगाड अनेकांना येतो. एएमटीचा सेन्सर बिघडला तर लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष कळत नाही, आणि चोर्ल्याच्या जंगलात फोनची रेंजही तुटक. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर आधी प्रॉपेलर शाफ्ट (पेटीतून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवतात. नाहीतर चाकांबरोबर पेटीचे गिअर फिरत राहतात, इंजिन बंद असल्याने तेलाचा पंप फिरत नाही, आणि पेटी कोरडी पडून जळते.