चाकरमानी, कोकणवासीय आणि मे महिन्याची सुट्टी: थोडी पार्श्वभूमी

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सगळे, म्हणजे आई-बाबा, काका-काकू, आत्या, आम्ही दोघं आणि तीन पोरं असे बऱ्याच वर्षांनी एकत्र गावाला गेलो, सतरा दिवस राहिलो, त्यावर निवांत काहीतरी लिहायचं मनात होतं. वर "चाकरमान्यांची सुट्टी" (चाकरमानी म्हणजे नोकरीसाठी मुंबईला राहणारा कोकणातला माणूस) असं टाइप केलं आणि बाजूला बसलेला पुतण्या म्हणाला, काका तो शब्द आता बंद झालाय, आपण कोकणवासीय. म्हणून आधी हे लिहितोय, सुट्टीची गंमत मधेमधे येईल तशी येईल.

फार मागे जात नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली, त्यानंतर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला) माणसं येत राहिली, लालबाग-परळला गावकीच्या खोल्यांत राहिली, पाळी बदलेल तशी एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली, मनीऑर्डरी पाठवल्या. हे आपल्या सगळ्यांच्या घरात सांगून झालंय. सहसा सांगितलं जात नाही ते हे की त्या काळात मे महिन्याची सुट्टी नव्हतीच, रजा होती. बायकापोरं गावाला, पोरांची शाळा गावाला, मग सुट्टी लागली म्हणून सगळं घर ट्रंका बांधून निघणार कुठून? निघायचा तो एकटा पुरुष, आणि तोही आराम करायला नाही. घराची कौलं परतायची, भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) करायची, बहिणीचं लग्न उरकायचं, भावकीतला एखादा बांधाचा तंटा मिटवायचा (किंवा नवा लावायचा), आणि पावसाच्या आत परत.

पावसाच्या आत, कारण बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची आणि पावसाळ्यात लांबच्या फेऱ्या बंद. शेवटची बोट चुकली की कामावर खाडा. जवळच्या फेऱ्या पावसातही चालायच्या, त्यातलीच रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेवर माणसं गेली. आमच्यातलं कोणी त्यात नव्हतं तरी आजीसमोर बोटीचा विषय निघाला की ती आधी हात जोडायची, मग पुढचं बोलायची.

रजेची सुट्टी झाली ती घरं मुंबईला आली तेव्हा. आमच्याकडे हे सत्तरच्या दशकात झालं, आजोबांनी डिलाईल रोडला दहा बाय बाराची खोली घेतली, बाबा आणि काका मुंबईच्या शाळेत, मग निकाल लागला की थेट गाव आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत. आणि जानेवारी १९८२ चा गिरणी संप. त्यानंतर कित्येक घरांत ही दिशाच उलटी झाली, माणसं गावाला गेली ती सुट्टी संपवून परत यायला नाही. त्यावर खूप लिहून झालंय, इथे एवढंच सांगतो की आमचे काका १९८२ चा अख्खा उन्हाळा गावाला होते आणि त्या उन्हाळ्याला ते अजूनही "सुट्टी" म्हणत नाहीत.

मला नीट आठवतो तो १९८९ नंतरचा काळ. रात्रीची एसटी, वडखळला वडे, कशेडी घाट आला की कंडक्टरच पुढे ओरडून सांगायचा की पिशव्या काढा, आई लिंबू हुंगायला द्यायची, त्या लिंबाच्या वासानेच मला जास्त व्हायचं. बारा-चौदा तासांनी तिठ्यावर उतरलो की बाहेर कोणीतरी सायकल घेऊन उभा असायचाच. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे रोहा ते मंगळूर सलग सुरू झाली आणि ओकाऱ्या संपल्या. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्यात श्वास रोखून धरायची आमची पैज असायची, आजवर कोणी जिंकलेलं नाही, या वेळी पोरांनीही लावली आणि हरली. रूळ बहुतेक ठिकाणी अजून एकेरीच, वीरच्या पुढे क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली, तेवढ्यात करवंदांचे द्रोण घेऊन बायका येतात आणि कोणाला फारसा राग येत नाही.

पण रेल्वेने सुट्टी लहान केली हे माझं मत आहे, घरात पटत नाही कोणाला. एसटीचा तो प्रवास दोनदा करायचा तर माणूस महिनाभर राहिल्याशिवाय परत फिरायचाच नाही. आता शुक्रवारी रात्री बसून सोमवारी ऑफिसला हजर राहता येतं, मग तसंच होतं. सतरा दिवस राहणार म्हटल्यावर गावातल्या माणसांनी आम्हाला दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

आता शब्दाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, सरकारी कागदपत्रांत चाकरमानी न लिहिता कोकणवासीय लिहा असे निर्देश उपमुख्यमंत्र्यांनी दिले. काही संघटनांची तशी मागणी होती. कारण असं की चाकर म्हणजे नोकर, त्यात मानी म्हणजे मानणारा, थोडक्यात चाकरी मान्य केलेला माणूस, आणि हे अपमानास्पद आहे. बातमी आली त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर दीडशे मेसेज पडले, एरवी वाढदिवसालाही तीसच्या वर जात नाहीत.

मागणी करणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. पेपरात आणि चॅनेलवर हा शब्द एकटा कधी येत नाही, "हाल" ला धरूनच येतो. चाकरमान्यांचे हाल, चाकरमानी खोळंबले, चाकरमान्यांची झुंबड. तिसऱ्या पिढीतली पोरगी, जी स्वतः डॉक्टर आहे, तिला दर गणपतीला टीव्हीवर स्वतःला चाकर म्हणून घ्यावं लागतं, तिने का ऐकून घ्यावं? बरोबर आहे.

पण ती जी मानीची फोड आहे ती मला ओढून आणलेली वाटते. चाकर हा फारसीतून आलेला शब्द, चाकरी म्हणजे आपल्याकडे सरळ नोकरी. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी असं म्हणणारा आपला समाज, तेव्हा कमीपणा होता तो नोकरीतच होता, शब्द कोणताही ठेवा. आणि प्रत्यक्षात गावात काय होतं? मुंबईहून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेला चाकरमानी हा वाडीतला सगळ्यात रोकडा असलेला माणूस. पोरं मागे धावायची, "चाकरमानी इले" म्हणून, बिस्किटं मिळतील म्हणून. देवळाच्या वर्गणीत त्याचं नाव वर. त्याच्या सदऱ्याच्या वासाची, त्याच्या हातातल्या रेडिओची चर्चा. अपमान म्हणाल तर उलट गावात राहिलेल्या भावाचा व्हायचा, ज्याने वर्षभर म्हातारा-म्हातारी सांभाळली आणि मे महिन्यात पाय धुवायला पाणी दिलं ते मुंबईहून आलेल्याला. या भावासाठी वेगळा शब्द कोणी केला नाही आणि त्याच्यासाठी कोणी निवेदनही दिलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या भागात तोंडावर चाकरमानी फारसं कोणी म्हणत नाही, मुंबयकार म्हणतात, आणि त्यात माया किती आणि टोमणा किती हे आवाजावरून ठरतं. "कधी इलंस?" आणि लगेच "कधी जातलंस?" हे दोन प्रश्न तर ठरलेलेच, पहिल्याचं उत्तर संपायच्या आत दुसरा.

आणि कोकणवासीय म्हणजे कोण? वासीय म्हणजे राहणारा. मी राहतो डोंबिवलीला. माझा बालमित्र, ज्याच्याबरोबर मी विहिरीत पोहायला शिकलो, तो गावात राहतो, रिक्षा चालवतो, आंब्याची सात कलमं आहेत. या वेळी रोज संध्याकाळी त्याच्या खळ्यात बसायचो, बाकीचे दोघं जुने मित्र यायचे, एक गोव्याहून मुद्दाम आला, मेंढीकोट चालायचा अंधार पडेपर्यंत, मग बॅटरीच्या उजेडात. बातमी आल्यावर मी त्याला फोन करून सांगितलं की आम्ही आता कोकणवासीय झालो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "अरे मी हयच रवतंय, मगे मी कोण?" सरकारी टिपणीत याचं उत्तर मला सापडलेलं नाही. चाकरमानी या शब्दात निदान दोन ठिकाणं होती, चाकरी जिथे आहे ते आणि घर जिथे आहे ते. नव्या शब्दात एकच उरलं, आणि त्यातही नेमकं मी राहत नाही ते.

बाबांचं मत वेगळं आहे, ते म्हणतात शब्द जातोय तर जाऊदे, आधी तो मुंबई-गोवा हायवे करा. चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

या शब्दाला खरा कडवटपणा आला तो मे २०२० मध्ये, असं मला वाटतं. मुंबईत रेड झोन, ई-पास काढून माणसं गावाला निघाली, गावच्या वेशीवर बांबू आडवे. त्यांच्या पैशांनी रंग दिलेल्या शाळेत त्यांनाच चौदा दिवस क्वारंटाइन. गावाची भीती खोटी नव्हती, म्हातारी माणसं घराघरात होती, पण "चाकरमानी येऊ नयेत" असे मेसेज त्या काळात फिरले ते ज्यांनी वाचले ते विसरलेले नाहीत. तोवर हा शब्द स्वागताचा होता, त्या महिन्यात तो आजाराला चिकटला. नावं बदलायच्या मागणीमागे चाकर-मालक वगैरे कमी आणि हे जास्त असावं, अर्थात तसं कोणी लिहून दिलेलं नाही.

राहिली सुट्टी. तीही आता मे महिन्याची राहिलीय का हा प्रश्नच आहे. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, कारण काय तर परीक्षा लवकर झाली की पोरं एप्रिलभर शाळेकडे फिरकत नाहीत. कारण खरं आहे, मी स्वतः फिरकत नव्हतो. पण ज्यांनी १८-२० एप्रिलची तिकिटं काढून ठेवली होती त्यांची पंचाईत झाली आणि विदर्भातल्या पालकांनी विचारलं की त्या उन्हात पोरांनी पेपर लिहायचे का. आमचं निघणं त्यामुळे १० मे वर गेलं. आणि दहा दिवसांत, २० तारखेपासूनच पाऊस सुरू, २५ मे ला तर मान्सूनच कोकणात दाखल, एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आत्याने पाटावर घातलेली आंबापोळी वाळलीच नाही, तीन दिवस पाट आत-बाहेर करून शेवटी ती चमच्याने खाल्ली. फणसाची साटं तर केलीच नाहीत. शेवटचे सात-आठ दिवस पडवीत झोपाळ्यावर, पत्ते, भाजलेल्या आठळ्या, काकूची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा, लाइट गेलेली, फोनला रेंज नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्या माणसांना तेच दिवस जास्त आवडले. पोरं कंटाळली, मग चौथ्या दिवशी कंटाळायचीही थांबली.

रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे १ मे चं तिकीट १ जानेवारीला, बाबा नवीन वर्षाच्या पहाटे थंडीत रांगेत असायचे आणि शुभेच्छा तिकीट हातात आल्यावर द्यायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. पुढच्या १ मे साठी २ मार्च, सकाळी आठ. फोनवर अलार्म लावून ठेवलाय, दहा तिकिटं एकदम निघत नाहीत म्हणून काका दुसऱ्या फोनवरून बसणार आहेत.