छायाचित्र-संपादनासाठी मॉनिटरची निवड

छायाचित्रातील रंग, उजेड-सावली आणि बारकावे पाहून त्यांत बदल करण्यासाठी वापरायच्या संगणक-मॉनिटरची निवड. गेमिंग किंवा करमणुकीसाठी बनवलेले मॉनिटर चित्र उठून दिसावे म्हणून रंग थोडे भडक करतात, काळा जास्त गडद करतात. संपादनाच्या मॉनिटरकडून अपेक्षा नेमकी उलटी असते : फाइलमध्ये जे आहे तेच दाखवायचे, पदरचे काही घालायचे नाही. त्यामुळे असा मॉनिटर पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो फिका वाटतो. दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या मॉनिटरांतून डोळ्यांना जो सर्वांत आवडेल तो उचलणे, ही म्हणूनच निवडीची सर्वांत वाईट रीत आहे. जाहिरातींत भर असतो तो रंगव्याप्तीच्या टक्केवारीवर. प्रत्यक्ष कामात घोटाळे होतात ते बहुतेक वेळा उजळपणात आणि करड्या छटांत.

उजळपणा : पडद्याचा उजळपणा कॅन्डेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात, बोलताना त्याला सरसकट ‘निट’ म्हणतात. आजचे साधे मॉनिटरही २५० ते ४०० निटपर्यंत जातात आणि कारखान्यातून येताना ते बरेच वर ठेवलेले असतात. फोटो-संपादनासाठी मात्र ८० ते १२० निट पुरतात. एसआरजीबी मानकातला संदर्भ-मॉनिटर तर ८० निटचाच आहे. तीनशे निटच्या पडद्यावर चेहरा अंमळ जास्त उजळ दिसतो, म्हणून संपादक एक्स्पोजर खाली ओढतो. पडद्यावर ते छान दिसते. प्रत्यक्षात फाइलमधले आकडे काळोखाकडे सरकलेले असतात आणि कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. प्रिंट काळपट येते, आणि दोष लॅबच्या किंवा प्रिंटरच्या माथी मारला जातो.

मुद्रण तपासण्याच्या प्रकाशाबद्दलच्या आयएसओ ३६६४ या मानकात नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स आणि बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स प्रकाश सांगितला आहे. ५०० लक्समध्ये धरलेला चांगला पांढरा कागद साधारण १४० निटइतका उजळ असतो. मॉनिटरची पातळी ठरवताना हेच गणित उपयोगी पडते : प्रिंट ज्या उजेडात पाहायची त्या उजेडात कोरा कागद पडद्याशेजारी धरावा आणि पडद्यावरचा पांढरा रंग त्याच्या जवळ येईपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. तेव्हा खरेदी करताना मॉनिटर कमाल किती उजळ होतो यापेक्षा, ८०-१०० निटपर्यंत खाली आणल्यावरही त्याचे रंग आणि कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातल्या उजळपणाचे गुणोत्तर) ठीक राहतात का, हे विचारावे.

रंगव्याप्ती : मॉनिटर जेवढे रंग दाखवू शकतो त्यांची ही कक्षा. एसआरजीबी हा रंगावकाश (रंगांची ठरवून दिलेली कक्षा) एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडला, १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. इंटरनेटवरची बहुतेक चित्रे आजही त्यातच असतात. १९९८ चा ॲडोबी आरजीबी हिरव्या आणि निळसर-हिरव्या छटांच्या बाजूने त्याहून मोठा आहे. चित्रपटांच्या डीसीआय-पी३ वरून घेतलेला डिस्प्ले पी३ लाल-नारिंगीकडे जास्त पसरतो. चांगले इंकजेट प्रिंटर काही हिरव्या-निळ्या छटा एसआरजीबीच्या बाहेरच्याही छापतात. म्हणून स्वतः प्रिंट काढणाऱ्याला ॲडोबी आरजीबी दाखवणाऱ्या मॉनिटरचा खरा फायदा होतो. ज्याचे फोटो फक्त पडद्यावरच पाहिले जाणार, त्याला एसआरजीबी जवळपास पूर्ण दाखवणारा मॉनिटर पुरेसा आहे; पुढचे पैसे कॅलिब्रेशनच्या (पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करण्याच्या) यंत्रावर घालावेत.

टक्केवारी वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. ‘शंभर टक्के’ म्हणजे एसआरजीबीचा सगळा भाग झाकला गेला, की फक्त क्षेत्रफळ तेवढे भरले? क्षेत्रफळ शंभर असूनही कक्षा एका बाजूला बाहेर आणि दुसऱ्या बाजूला अपुरी असू शकते. दुसरे म्हणजे, १९५३ च्या एनटीएससी या जुन्या मानकाचा आधार अजून घेतला जातो. त्याच्या ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने साधारण एसआरजीबीएवढे. स्वस्त लॅपटॉपवर ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसले तर त्या पडद्यावर रंगांचा निर्णय घेऊ नये.

विस्तृत कक्षेच्या मॉनिटरला एक खोड असते. जे सॉफ्टवेअर रंग-प्रोफाइल (पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) जुमानत नाही, त्यात एसआरजीबी चित्र भडक होते, त्वचा लालबुंद दिसते. त्यासाठी मेनूमध्ये चांगला एसआरजीबी मोड असावा. त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येत नाही असेही काही मॉनिटर निघतात, ते टाळावेत.

पॅनेल : म्हणजे चित्र उमटवणारा प्रत्यक्ष पडदा. त्याच्या प्रकारांत फार घोळ घालण्याचे कारण नाही. टीएन पॅनेलमध्ये मान जरा हलवली तरी छटा बदलतात, ते बाद. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट ३००० : १ च्या आसपास असतो, पण तिरके पाहिल्यावर गडद छटा सरकतात. हिताचीने १९९० च्या दशकात पुढे आणलेल्या आयपीएस तंत्राचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० : १ च असतो, काळा किंचित राखाडी दिसतो, तरी बाजूने पाहूनही रंग टिकतात, म्हणून संपादकांची पसंती त्यालाच आहे. कागदावरच्या प्रिंटचा कॉन्ट्रास्ट याहून कितीतरी कमी असल्यामुळे ही उणीव कामात अडत नाही. ओएलईडीचा काळा खरोखर काळा असतो. मात्र सॉफ्टवेअरच्या पट्ट्या रोज तासन्‌तास एकाच जागी राहिल्या तर त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो.

आकार आणि रिझोल्यूशन : २७ इंची पडद्यावर २५६० × १४४० रिझोल्यूशन असेल तर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल येतात, ३८४० × २१६० असेल तर १६३. दाट पडदा डोळ्यांना सुखावतो, पण त्यावर शंभर टक्के झूम केलेला फोटोही गुळगुळीत दिसतो. नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) लपतो आणि शार्पनिंग नकळत जास्त दिले जाते. दाट पडद्यावर दोनशे टक्के झूमवर एकदा पाहून घ्यावे.

बिट आणि कॅलिब्रेशन : आठ बिटांच्या पॅनेलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांत १०२४. बरीच ‘दहा बिट’ पॅनेले आठ बिटांचीच असतात आणि उरलेल्या छटा पिक्सेल झपाट्याने बदलून भासवतात. फोटोंसाठी तेही चालते. मॉनिटरच्या आतील लुक-अप टेबल (आलेला रंग पडद्यावर कोणत्या आकड्याने दाखवायचा याचा तक्ता) किती बिटांचे आहे, हे जास्त महत्त्वाचे. साध्या मॉनिटरचे कॅलिब्रेशन ग्राफिक्स कार्डात होते आणि आठ बिटांतून दुरुस्त्या वजा केल्या की संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागतात. आयझोची कलरएज किंवा बेनक्यूची एसडब्ल्यू यांसारख्या मालिकांत दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या १४ किंवा १६ बिटांच्या टेबलात लिहिली जाते, त्यामुळे पायऱ्या वाया जात नाहीत. यालाच हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणतात.

मोजमाप डोळ्यांनी होत नाही, कारण डोळा कोणत्याही पांढऱ्याला थोड्या वेळात ‘पांढरा’ मानतो. त्यासाठी पडद्यावर टेकवायचा कलरीमीटर लागतो. पडदा निदान अर्धा तास सुरू ठेवून मग मोजावे. शुभ्रबिंदू (पांढऱ्याची छटा) डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) २.२ आणि उजळपणा वर सांगितल्याप्रमाणे, हे लक्ष्य बहुतेकांना चालते. मुद्रणाची मानके डी५० या किंचित पिवळट पांढऱ्यावर असल्यामुळे काही प्रीप्रेसवाले (छपाईपूर्व तयारी करणारे) शुभ्रबिंदू तिकडे नेतात. मोजणीतून जे प्रोफाइल तयार होते त्याचा साचा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने ठरवलेला आहे. कॅलिब्रेशन महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करावे. फार जुना कलरीमीटर नव्या बॅकलाइटवर (पडद्यामागच्या दिव्यांवर) चुकीचे वाचन देऊ शकतो, कारण बॅकलाइटचा वर्णपट बदलला की त्याच्या फिल्टरांचे गणित बिघडते.

रिफ्रेश रेट, रिस्पॉन्स टाइम यांचा स्थिर चित्राशी संबंध नाही. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, रात्रीचा पिवळा प्रकाश, डोळ्यांची काळजी घेणारा मोड, हे सगळे बंद ठेवावे.

घेतल्यावरची तपासणी : परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या कराव्यात. पहिली करड्या पडद्याची. खोलीत अंधार करून १२८ मूल्याचा (० काळा, २५५ पांढरा) सपाट करडा रंग पूर्ण पडद्यावर लावावा. एक कड गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसली तर तो दोष कॅलिब्रेशनने जात नाही, कारण कलरीमीटर फक्त मधला भाग मोजतो. महागड्या मॉनिटरांत यासाठी समानता-दुरुस्ती (सगळा पडदा सारखा करणारी सोय) असते. ती लावली की कॉन्ट्रास्ट थोडा घटतो. दुसरी चाचणी टोकांची. काळ्यावर ५ आणि १० मूल्यांचे, पांढऱ्यावर २५० मूल्याचे चौकोन ठेवावेत. पहिला जेमतेम, दुसरा सहज दिसला पाहिजे आणि तिसरा पांढऱ्यात बुडता कामा नये. दोन्ही टोके एकदम बुडत असतील तर आधी केबलचा सिग्नल पाहावा : एचडीएमआयवरून संगणक पूर्ण श्रेणी पाठवत असतो, पण मॉनिटर ती टीव्हीसारखी १६ ते २३५ ही मर्यादित श्रेणी समजतो; मॉनिटरच्या मेनूत ती ‘पूर्ण’ केली की चौकोन दिसू लागतात.

जुना व्यावसायिक मॉनिटर घेणे वाईट नाही. तो किती तास चालला, हा आकडा पुष्कळांच्या मेनूत दिसतो. फ्लुओरेसंट बॅकलाइटचा असेल तर तो आता १०० निटपर्यंत तरी चढतो का, हे कलरीमीटर लावूनच पाहावे.