बोटीला गॅलरी कशी फुटली

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की तीन दर समोर येतात: आतली बिनखिडकीची खोली, खिडकीची खोली आणि बाल्कनीची. बाल्कनी म्हणजे घरात आपण जिला गॅलरी म्हणतो तीच, दोन खुर्च्या आणि एक तिपाई मावेल एवढी. तिच्यासाठी जादा पैसे मोजायचे का, हा आज समुद्र दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न वाटतो. मुळात तो वाऱ्याचा होता.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि विलायत-मुंबई प्रवास तांबड्या समुद्रातून होऊ लागला. उन्हाळ्यात तिथे बोटीचा पत्रा दिवसभर तापायचा आणि खोलीला हवेची वाट काय, तर वीतभर रुंदीचं वाटोळं पोर्टहोल. त्यात पत्र्याची सुपली बसवून बाहेरचा वारा आत वळवायचा. समुद्र खवळला की तेही बंद, वर स्क्रू आवळलेला. बाहेरच्या कडेला नसलेल्या खोल्यांचे हाल तर विचारू नका. रंगूनला जाणाऱ्या बिबी लाइनच्या बोटींवर त्यावर एक तोड निघाली. आतल्या खोलीला बोळासारखा चिंचोळा फाटा काढून तो बाहेरच्या पोर्टहोलपर्यंत न्यायचा. अशा खोलीला पुढे सगळीकडे ‘बिबी केबिन’ म्हणू लागले. उकाडा हाताबाहेर गेला की साहेब आणि मडमा खोल्या सोडून डेकवर झोपायला येत, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. कोकणच्या बोटीत डेकवर चादर पसरून जागा अडवणाऱ्यांना ही अक्कल पहिल्यापासूनच होती.

आपण ‘पॉश एरिया’ म्हणतो त्या शब्दाची एक व्युत्पत्ती याच प्रवासाशी जोडली जाते. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणे ‘पॉश’: विलायतेहून जाताना डावी बाजू, परतताना उजवी. हिशेब बरोबर आहे. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे जाताना बोटीची डावी बाजू पूर्वेला, म्हणजे तिसऱ्या प्रहरानंतर सावलीत. परतताना तेच उजवीकडे. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि कोशकार ही गोष्ट दंतकथाच मानतात. शब्द खोटा जोडला असेल, उकाडा मात्र खरा.

एवढी वाऱ्याची हाव, मग खोलीलाच सज्जा का नाही काढला? कारण बोटीची रचनाच उलटी होती. खोल्या खाली, बोटीच्या पोटात, जिथे लाटा थेट आपटतात. तिथे पोलाद कापून दारं ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. वरचे मजले दिवाणखान्यांना आणि फिरायच्या डेकला. त्याहून वर ओळीने टांगलेल्या लाइफबोटी. शिवाय वर वजन वाढलं की बोट डोलते. म्हणून खाजगी सज्जा ही कुबेराचीच चैन राहिली. 1912 च्या टायटॅनिकवर फक्त दोन सुइट्सना स्वतःची सुमारे 50 फुटांची येरझाऱ्यांची जागा होती, तीही बंदिस्त, खिडक्यांची. 1935 च्या नॉर्मंडीवरही खाजगी गच्ची मिळाली ती दोन सर्वांत महागड्या सुइट्सनाच.

ही रचना बदलत गेली त्यातला एक मोठा टप्पा कॅनबेराचा. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची ही 1961 ची बोट. तिच्या लाइफबोटी नेहमीपेक्षा खूप खाली, बोटीच्या अंगात कोनाडे करून बसवल्या आणि वरचं बांधकाम हलक्या अॅल्युमिनियमचं केलं. लाइफबोटी खाली गेल्या की वरच्या खोल्यांसमोरचं आकाश मोकळं होतं. त्याच सुमारास वातानुकूलन सगळ्या खोल्यांपर्यंत पोचलं. वाऱ्यासाठी बाहेरच्या खोलीची गरज उरली नाही, म्हणून बिनखिडकीची आतली खोली खपवता येऊ लागली. आणि गंमत अशी की वाऱ्याची निकड संपल्यावरच बाल्कनीचा जमाना सुरू झाला.

1972 मध्ये क्यूई2, म्हणजे क्वीन एलिझाबेथ 2, या बोटीच्या माथ्यावर बाल्कनीवाले पेंटहाउस चढवले, पण तेही श्रीमंतांपुरतेच. खरी उलथापालथ 1984 ची. त्या वर्षी हेलसिंकीच्या वार्टसिला गोदीतून रॉयल प्रिन्सेस बाहेर पडली आणि साउदॅम्प्टनला राजकुमारी डायनाने तिचं नामकरण केलं. सगळ्या 600 खोल्या बाहेरच्या बाजूला. दिवाणखाने, जेवणघर खाली आणि खोल्या वर. शंभर वर्षांची मांडणी उपडी केली म्हणा ना. 1995 च्या सन प्रिन्सेसवर बाल्कन्यांनी चारशेचा आकडा ओलांडला, आणि 2001 च्या सेव्हन सीज मरिनरवर तर बाल्कनी नसलेली खोलीच नव्हती. आज नव्या बोटी बाजूने चाळीसारख्या दिसतात त्या यामुळे. मला तरी जुन्या बोटींचा डौल त्यांच्यात दिसत नाही. पण बाल्कनीला जादा दर मिळतो म्हटल्यावर डौलाला विचारतो कोण?

बाल्कनीची किंमत दुसऱ्या अर्थानेही मोजावी लागली. 23 मार्च 2006 च्या पहाटे जमैकाजवळ स्टार प्रिन्सेसच्या एका बाल्कनीवर आग लागली; विझवायची राहिलेली सिगारेट हे तिचं संभाव्य कारण ठरलं. दोन बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे पडदे आणि खुर्च्या पेटत ती मजल्यामागून मजले चढली. एक प्रवासी दगावला, शेकडो खोल्यांचं नुकसान झालं. तोवर आगीचे कडक नियम दाराच्या आतच थांबत होते. 1 जुलै 2008 पासून ते बाहेरही लागू झाले: बाल्कनीतलं सामान सहज न पेटणारं हवं, नाहीतर आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा हवी. पुढे बऱ्याच कंपन्यांनी बाल्कनीत सिगारेट ओढायलाच बंदी घातली.

मग बाल्कनी समुद्रापासूनही सुटली. 2009 च्या ओएसिस ऑफ द सीजवर काही बाल्कन्या बोटीच्या पोटातल्या बागेकडे उघडतात. 2014 मध्ये नॅव्हिगेटर ऑफ द सीजच्या आतल्या खोल्यांत 80 इंची पडद्यावर बाहेरचा समुद्र दाखवायला सुरुवात झाली. त्याचं नाव व्हर्च्युअल बाल्कनी.

आपल्याकडे 2021 पासून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही 1990 ची बोट, म्हणजे बाल्कन्यांची लाट येण्याआधीची. तिच्यावर त्या मोजक्याच आहेत, त्या यामुळे. बोट लागत असेल तर बाल्कनीचा नाद सोडून मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. जुन्या बोटींवर पहिला वर्गही मध्यभागीच असे. आणि बाल्कनी घ्यायचीच असेल तर मुंबईहून गोव्याला जाताना उजवी बाजू मागावी, येताना डावी. साहेब ज्या मावळतीच्या उन्हाला चुकवायला बाजू बदलत असे, तेच ऊन पाहायला आपण पैसे भरतो.