भुसा खाली पडतो, धूळ नाकात जाते: सुतारकामातल्या डस्ट एक्स्ट्रॅक्टरच्या निवडीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या फर्निचरच्या शेडमध्ये आता सँडर (घासकामाचं यंत्र), राउटर (खाचा आणि कडा कोरणारं यंत्र) आणि ट्रॅक सॉ (पट्टीवरून सरकणारी करवत) रुळले आहेत. त्यांच्या जोडीला धूळ ओढणारा व्हॅक्यूम, म्हणजेच डस्ट एक्स्ट्रॅक्टर, घ्यायचा विषय निघाला की बोलणं हमखास तीन गोष्टींवर येतं: वॅट किती, टाकी किती लिटरची आणि आत हेपा, म्हणजे अतिशय बारीक कण गाळणारा, फिल्टर आहे का. वॅट मोटर किती वीज खाते ते सांगतो, लिटर टाकी कधी रिकामी करायची ते सांगतो आणि हेपा आत आलेल्या धुळीचं पुढे काय होतं ते सांगतो. धूळ मुळात आत येते की नाही, हे या तिन्हींतून कळत नाही. ज्या नियमांतून ही यंत्रं घडली त्या नियमांचा मात्र एक मोठा रोख तिथेच होता.

हातरंध्याच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येतं. खानापूर–लोंढ्याच्या रानातला साग, किंजळ, मत्ती, शिसव आणि बैलगाडीसाठी बाभूळ, हा इथल्या सुतारांचा आणि बडिगेरांचा (कन्नड सुतारांचा) माल. रंध्यातून निघायच्या त्या सालपटी आणि करवतीतून पडायचा तो जाडा भुसा. दोन्ही जमिनीवर पडायचे आणि संध्याकाळी चुलीत किंवा बंबात जायचे. काचकागद हाताने मारला जायचा, तोही बहुधा पडवीत, वाऱ्याला. त्रास नव्हता असं नाही. सागाच्या धुळीने अंगावर पुरळ उठते हे जुन्या सुतारांना ठाऊक होतं. सागातल्या क्विनोन जातीच्या रसायनांमुळे ते होतं. पण मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती लाकडावर टेकल्यावर जी धूळ हवेत तरंगत राहते, तिची गाठ या पिढ्यांना फारशी पडली नव्हती.

ती गाठ आधी इंग्लंडमध्ये पडली. हाय विकम या गावात बीच आणि ओकच्या खुर्च्या करण्याचे कारखाने होते. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतोय आणि रुग्ण बहुतेक खुर्च्यांच्या कारखान्यातले आहेत. १९६५ आणि १९६८ साली त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि १९६९ साली ब्रिटिश सरकारने हा आजार त्या उद्योगातल्या कामगारांसाठी भरपाईस पात्र व्यावसायिक रोग ठरवला. धुळीशी पहिला संबंध आल्यापासून रोग दिसेपर्यंत तीस-चाळीस वर्षं जाऊ शकतात, त्यामुळे निवृत्त झालेला माणूसही त्यात सापडत होता. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. याच गटात ॲस्बेस्टॉस आहे, तंबाखूही आहे.

एक तपशील इथे थांबून पाहावा असा आहे. हा कर्करोग नाकाचा आहे, फुप्फुसाचा नव्हे. म्हणजे इथे जी धूळ घात करते ती मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपासची आणि त्याहून जाडी, नाकातच अडकणारी. ती गाळायला हेपा लागत नाही, चांगली कापडी पिशवीही तिचा मोठा भाग अडवते. अट एकच, ती पिशवीपर्यंत पोहोचली पाहिजे. बारीक धुळीचा दम्याशी आणि फुप्फुसाच्या आजारांशी संबंध आहे आणि तिथे फिल्टरचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. पण जाडी धूळ नाकात जाते ती फिल्टर फसल्यामुळे नव्हे. ती सँडरच्या बुडाखालूनच निसटलेली असते.

हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात फार आधी आलं होतं. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम १४ धुळीबद्दल होतं आणि त्यात हवा ओढून घेणारं साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितकं जवळ लावावं, असं म्हटलं होतं. हाय विकमचे लेख यायच्या सतरा वर्षं आधी! पण हा कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० किंवा अधिक कामगार असले तरच लागू व्हायचा. एक मिस्त्री, दोन कारागीर आणि एक पोऱ्या एवढ्यावर चालणारी शेड त्याच्या बाहेर राहिली, आणि आपल्याकडचं बहुतांश सुतारकाम अशाच शेडमध्ये होतं. कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागांनाही हा कायदा लावण्याची मुभा होती, तरी सुतारांच्या शेडपर्यंत त्याची झळ क्वचितच पोहोचली. २०२० साली संमत होऊन २०२५च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी अंमलात आलेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतली ही मर्यादा विजेच्या ठिकाणी २० वर नेली. लहान शेडच्या बाजूने पाहिलं तर हे पाऊल मागे गेलेलं आहे.

सीमाभागाची त्यात एक वेगळी अडचण. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तिथल्या १९५० सालच्या कारखाने नियमांखाली होता. मग तो म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे १९६९चे नियम आले. पलीकडे चंदगड–गडहिंग्लजला महाराष्ट्राचे १९६३चे. मूळ कायदा एकच, नियमांची पुस्तकं दोन. त्या कायद्याचं कलम १०८ म्हणायचं की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावल्या पाहिजेत. खानापूर तालुक्यातल्या मराठी कामगाराला धुळीची सूचना मराठीत मिळणं ही त्यामुळे कुणाची मेहरबानी नव्हती, कायद्याने दिलेली गोष्ट होती. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका मात्र आजही इंग्रजीत, फार तर हिंदीत असते आणि फिल्टर कधी बदलायचा हे मालकालाही कळत नाही.

खरी उलथापालथ झाली ती १९९० नंतर. १९९६च्या डिसेंबरात जंगलतोडीवर न्यायालयीन निर्बंध आले, रानातला माल आटला. त्याची जागा आयात सागाने, प्लायवुडने आणि पुढे एमडीएफने घेतली. एमडीएफ म्हणजे लाकडाचा तंतू न् तंतू सुटा करून युरिया फॉर्मल्डिहाइडच्या चिकट्यात दाबलेला तक्ता. राउटरची बीट, म्हणजे फिरतं पातं, त्यात शिरली की सालपट निघतच नाही, निघते ती मैद्यासारखी पूड. पंखा चालू असेल तर ती ट्यूबलाइटवर, तुळईवर, जेवणाच्या डब्यावर बसते. दुसऱ्या दिवशी झाडू मारला की परत हवेत. याच काळात हातातली पॉवर टूल्स स्वस्त झाली. कारागीर तेच, शेड तीच, पत्रा तोच. आतली हवा मात्र पार बदलली.

आणि पावसाळा. कणकुंबी–जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर झड लागते तेव्हा शेडचे दरवाजे बंद करावेच लागतात, नाहीतर तयार पॅनेल फुगतं. ज्या चार महिन्यांत हवा खेळत नाही त्याच महिन्यांत, गणपतीच्या आणि दिवाळीच्या ऑर्डरींमुळे, सर्वांत जास्त घासकाम होतं. कागदी फिल्टर दमट हवेत लवकर चोंदतो. युरोपातल्या कोरड्या, गरम ठेवलेल्या वर्कशॉपसाठी लिहिलेलं फिल्टरचं आयुष्य इथे जसंच्या तसं धरता येत नाही.

आता ज्या मुद्द्यावर खरेदीचा सगळा घोळ होतो तो, म्हणजे व्हॅक्यूमचे एल, एम आणि एच हे वर्ग. जर्मनीतल्या आधीच्या गुंतागुंतीच्या वर्गवारीची जागा घेऊन ते युरोपीय मानकात आले. मानकाचा क्रमांक ६०३३५-२-६९. गाळून बाहेर पडणाऱ्या हवेतून किती धूळ निसटू द्यायची, हा त्यांचा पाया. एल वर्गात १ टक्क्यापर्यंत, एममध्ये ०.१ टक्का, एचमध्ये ०.००५ टक्का. कोणत्या धुळीला कोणता वर्ग, हे हवेतल्या परवानगीच्या मर्यादेवरून ठरतं. घनमीटरला १ मिलिग्रॅमहून जास्त मर्यादा असेल तर एल चालतो, ०.१ मिलिग्रॅमहून जास्त असेल तर एम, आणि त्याखाली किंवा कर्करोगकारक धुळीला एच.

लाकूड या चौकटीत बसेना. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा १९९९ साली ५ मिलिग्रॅम ठरली, पुढे ३ झाली आणि जानेवारी २०२३ पासून २ आहे. या आकड्यांवरून पाहिलं तर एल पुरेसा. कर्करोगकारक म्हणून पाहिलं तर एच सक्तीचा. प्रत्यक्षात लाकडाची धूळ मधल्या एम वर्गात टाकली गेली. हा निर्णय आजही वादाचा आहे. एक बाजू म्हणते, कर्करोग मान्य केल्यावर वरचा वर्ग न देणं ही पैशापुढे घेतलेली माघार आहे. दुसरी बाजू म्हणते, एचचं यंत्र, त्याची तपासणी, त्याच्या सीलबंद पिशव्या लहान सुताराला झेपणार नाहीत आणि मग तो काहीच घेणार नाही.

माझ्या मते वादाचं केंद्रच चुकलेलं आहे. एम आणि एचमधला महत्त्वाचा फरक फिल्टरचा. एल आणि एममधला फरक फिल्टरपुरता नाही. एम वर्गाच्या यंत्राला पाइपातला हवेचा वेग मोजावा लागतो आणि तो सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की इशारा द्यावा लागतो, भोंगा वाजवून नाहीतर दिवा लावून. पिशवी भरली, फिल्टर चोंदला, पाइप दुमडला, काहीही झालं तरी कामगाराला तिथल्या तिथे कळतं की सँडरखालची धूळ आता ओढली जात नाही. एल वर्गाचं यंत्र आवाज तोच करत राहतं आणि धूळ बाहेर पडत राहते. सुताराच्या नाकाचा विचार केला तर मला हा इशारा ०.१ आणि ०.००५ मधल्या फरकाहून मोलाचा वाटतो. आपल्या बाजारात 'हेपा'चं लेबल लावून खपणाऱ्या बहुतेक व्हॅक्यूममध्ये हाच भाग नसतो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर, अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुसंशोधनासाठी विकसित झालेला. चीज उत्तम, पण उगमाकडे लक्ष न देता ती आधी घेणं म्हणजे आधी कळस मग पाया.

या २० मीटरच्या आकड्यावरून पाइपाचा हिशेबही सुटतो. २७ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात तो वेग राखायला तासाला साधारण ४१ घनमीटर हवा लागते, ३६ मिलिमीटरला ७३, आणि रंधा मशीनच्या १०० मिलिमीटरच्या तोंडाला सुमारे ५६५. म्हणून सँडरचा व्हॅक्यूम रंधा मशीनला लावून उपयोग नाही. तिथे कमी दाबाचा, पण भरपूर हवा ओढणारा पिशवीवाला कलेक्टरच हवा. उलट त्या कलेक्टरला सँडरचा बारीक पाइप जोडला तर हवा अडून बसते. खोक्यावर छापलेला मिनिटाला ३५०० लिटरसारखा आकडा बहुधा पाइप न जोडता घेतलेला असतो. तीन-चार मीटर पाइप आणि सँडरची भोकं मध्ये आली की त्याचा थोडाच भाग उरतो. पॉलिश पेपरच्या चकतीची भोकं सँडरच्या पॅडच्या भोकांशी जुळवली नाहीत तर तोही जातो. ८ भोकांच्या पॅडवर बिनभोकाचा स्वस्त पेपर लावलेला आपल्याकडे सर्रास दिसतो, मग भारीतला व्हॅक्यूमही काही करू शकत नाही.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९८९ साली तिथे लाकडाच्या धुळीसाठी स्वतंत्र मर्यादा आली, १९९२ साली न्यायालयाने तो सगळा नियमसंच रद्द केला आणि लाकूड पुन्हा १५ मिलिग्रॅमच्या सर्वसाधारण उपद्रवी धुळीत जाऊन पडलं. तिकडच्या यंत्रांवर एल-एम-एच सहसा दिसत नाही, हेपा दिसतं. आपल्या बाजारात दोन्हीकडचा माल एकाच फळीवर येतो.

बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) कामगार वाळूच्या धुळीला भितो, निपाणीच्या वखारीतली बाई तंबाखूच्या धुळीपायी नाकाला पदर लावते. लाकडाच्या धुळीबद्दल तेवढी धास्ती नाही, कारण ती झाडाची. सुतार टॉवेल गुंडाळतो आणि कामाला लागतो. टॉवेल बारीक धूळ अडवत नाही.

सध्या काही हजारांत मिळणारी ओली-सुकी व्हॅक्यूम यंत्रं बहुधा एल वर्गाची किंवा वर्गच न छापलेली आहेत. एम वर्गाचं यंत्र कित्येक पट महाग पडतं. मध्ये सायक्लोनची, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारी, बादली लावली तर जाडा भुसा तिथेच पडतो आणि फिल्टर जास्त टिकतो, मात्र ओढ थोडी कमी होते. प्लास्टिकच्या पाइपात कोरड्या दिवसांत स्थिर वीज साठून झटका बसतो. त्यावर अँटिस्टॅटिक पाइप निघाले आहेत, पण ते तीन पिनच्या प्लगमधल्या अर्थिंगवर चालतात आणि अर्थिंग नसेल तर निरुपयोगी. १२०० वॅटचा व्हॅक्यूम आणि त्याच्याच सॉकेटवर १००० वॅटचा राउटर म्हणजे २३० व्होल्टला साडेनऊ अँपिअर. हा भार ५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर नाही, १५च्या सॉकेटवरच घ्यायचा. यंत्राचा वर्ग खोक्यावर नव्हे, यंत्राच्या अंगावरच्या पट्टीवर पाहावा, आणि त्याच्या पिशव्या व फिल्टर बेळगावात किंवा कोल्हापुरात सुटे मिळतात की नाही हे पैसे देण्याआधी दुकानात विचारून घ्यावं.