हस्तिदंत जुना की नवा?

सुळा आडवा कापून छेद घासून गुळगुळीत केला, की कडेलगत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. या श्रेगर रेषा. त्या छेदतात तिथला कोन कोनमापकाने मोजायचा. ११५ अंशांच्या वर असेल तर हत्ती, ९० च्या खाली असेल तर मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला केसाळ भाऊबंद. मधल्या पट्ट्यात दोघेही सापडतात, म्हणून किमान पाच कोन मोजून सरासरी काढतात. ती १०० च्या वर गेली तर हत्ती. कोन बाहेरच्या कडेजवळचेच घ्यायचे. आतल्या भागात हत्तीचेही कोन लहान असतात, आणि नवखा तिथेच फसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारा मॅमथचा सुळा ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत नाही. त्यामुळे ताज्या हस्तिदंतावर मॅमथची चिठ्ठी चिकटवणं सोयीचं पडतं. भारतात ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच बुजवली: मॅमथचा असला तरी तो हस्तिदंतच.

कोनावरून प्राणी कळतो, वय नाही. आणि खरं भांडण वयावरूनच आहे. ‘साइट्स’ने १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तींच्या सुळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरवली. तरी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या काही देशांना सरकारी साठा विकायची सवलत दोनदा मिळाली: १९९९ मध्ये जपानला, २००८ मध्ये चीन आणि जपानला. दुसऱ्या खेपेला शंभर टनांहून जास्त माल गेला. पैसा संवर्धनाला मिळेल, हा विक्रीवाल्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पण दाखला कागदावर असतो, सुळ्यावर नाही. कोरीव काम होऊन मूर्ती काचेत आली की कायदेशीर तुकडा आणि चोरीचा तुकडा सारखेच दिसतात. त्या विक्रीमुळे शिकार वाढली का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे; चीनने मात्र २०१७ अखेर देशांतर्गत बाजारही बंद केला.

वय ठरवायला अणुबॉम्बच्या चाचण्या कामी आल्या. त्यांच्यामुळे १९५० च्या दशकापासून हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढत गेला, १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाला आणि मग उतरत आला. चाऱ्यातून तो सुळ्यात उतरतो. ब्रिटनच्या कायद्यात १९४७ पूर्वीच्या, दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट आहे. अशा ‘जुन्या’ डबीत वाढीव कार्बन-१४ निघाला, तर विक्रेत्याचा दावा तिथेच कोसळतो.

नमुना कुठून घेतला, याला मात्र फार महत्त्व. सुळा मुळाकडून वाढतो, त्यामुळे सर्वांत ताजा थर मुळाशी, पोकळीच्या आतल्या भिंतीवर असतो. हत्ती कधी मेला, ते तिथलाच नमुना सांगतो. टोकाकडच्या तुकड्यावर कोरलेली मूर्ती हत्तीच्या मृत्यूच्या कितीतरी आधीचं वर्ष दाखवेल.

दुसरा घोळ कार्बन-१४ च्या चढउताराच्या आलेखाचा. एकच पातळी चढतीवरही येते, उतरतीवरही. त्यात आता कोळसा आणि तेलाच्या धुरातल्या, कार्बन-१४ नसलेल्या कार्बनने हवेतलं त्याचं प्रमाण इतकं खाली आणलं आहे, की ते अणुचाचण्यांआधीच्या पातळीला जवळपास टेकलं आहे. आज वाढणारा सुळा या एका चाचणीत १९५० च्या दशकातला भासू शकतो. म्हणून जोडीला स्ट्रॉन्शियम-९० हा अणुस्फोटातून निघणारा किरणोत्सारी पदार्थ मोजतात. अणुस्फोटांआधी तो वातावरणात नव्हताच. अडचण एवढीच, की कार्बनला काही मिलिग्रॅम भुगा पुरतो, स्ट्रॉन्शियमला त्याहून कितीतरी जास्त लागतो, आणि छोट्या मण्यातून तेवढा काढला तर मणीच उरत नाही.